घरचा नियम

रविवारी दोन वाजता मी शटर अर्धं ओढते.
कळव्यात त्या वेळी कुणाला ताप येत नाही,
आलाच तर वाकून हाक मारतात.

मागच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांवर फळी,
फळीवर नकाशा, सगळा षट्कोनांचा,
मधमाश्यांनी खाडी मोजायला घेतल्यासारखा.
सतराशे सदतीस. ठाण्याचा किल्ला. चैत्र.

पास्कल लोपीस चरईहून येतो एसी दुरुस्तीची बॅग घेऊन.
बॅगेत गॅसच्या गेजखाली नियमपुस्तिका,
चौसष्ट पानं, त्यातली नऊ नुसत्या तोफांची.
"आज तू पोर्तुगीज हो," म्हणतो,
"माझ्या आडनावाने दर वेळी किल्ला काय म्हणून हरायचा?"

सोंगटी पुठ्ठ्याची, अर्ध्या इंचाची,
डावीकडे ताकद, उजवीकडे चाल.
मी ती चिमट्याने उचलते.
फासे खोकल्याच्या औषधाच्या मापात खुळखुळतात,
दहा मिलीच्या रेघेखाली सगळं नशीब.

कुणा दूरदेशीच्या माणसाने रचलाय हा खेळ.
आमचं दुकान त्याच्या नकाशावर दलदल आहे,
आत शिरायला तीन चाली.
खोटं नाही, जुलैत तेवढ्याच लागतात.
पण भरती त्याने दर तिसऱ्या पाळीला आणली,
शाळेची घंटा वाजावी तशी.
पास्कलचे आजोबा मिठागरात होते.
"पाणी असं येत नाय," तो म्हणतो,
आणि फळीवर हात सरकवत दाखवतो कसं येतं:
आधी बोटांच्या फटींतून,
मग एकदम कोपरापर्यंत.

जुन्या स्टॉक रजिस्टरात मी गुण मांडते.
नकाशाला नऊ.
नियमांच्या भाषेला सहा; "शक्यतो" हा शब्द अकरा वेळा, आणि प्रत्येक वेळी भांडण.
लढाईच्या तक्त्यापाशी पेन अडलं.
तिथे तीनच निकाल: टिकले, हटले, बाद.
जखमी कुठायत?
एका सोंगटीत तीनशे माणसं,
फासा पडला पाच, तीनशे गेली बाटलीच्या झाकणात.
एकालाही पाणी मागायला वेळ नाही?

म्हणून घरचा नियम केला.
बाद सोंगटी उलटी करून तिथंच ठेवायची.
दोन पाळ्यांत मागे नेली तर फासा:
पाच-सहा, परत उभी.
एक-दोन, घाव चिघळला.
मधले पडून राहतात आणि धान्य खातात.

खेळ बिघडला.
तीन तासांत संपायचा,
आता संध्याकाळच्या गिऱ्हाइकापर्यंत शिड्यासुद्धा लागत नाहीत.
"खरं असेल," पास्कल म्हणाला, "पण खेळ कुठे उरला? दवाखाना केलास."
वेगाला मी चार दिले. तो म्हणाला, तीन.

आणि आज, शेवटच्या पाळीला,
त्याच्या शिड्या माझ्या तटाला.
एक होडी किनाऱ्याला लागली की किल्ला त्याचा.
मी झाकण पुढे सरकवलं होतं, माझेच लोक भरायला.
तो मात्र नकाशाच्या कडेला बघत होता.
तिथे आमच्या दुकानाच्या दलदलीत
त्याची एक सोंगटी उलटी पडलेली, दोन पाळ्यांची,
आणि भरती पुढच्या फाशावर.

होडी त्याने मागे वळवली.
"अरे, जिंकतोयस तू."
"माहीत आहे."
पुठ्ठ्याचे तीनशे त्याने एका नखाने ओढत आणले
पार कोपऱ्यापर्यंत, आणि फासा टाकला.

दोन.

काही बोलला नाही. सोंगटी झाकणात नाही टाकली,
गेजच्या डबीत ठेवली, डबी बॅगेत.
पुढच्या वेळी शोधावी लागणार आहे, मला माहीत आहे.

किल्ला माझा राहिला, जो इतिहासात राहिला नव्हता.
मी रजिस्टर ओढलं. एकूण: सहा.
त्याने पाच केले, मग खोडून परत सहा.
शेवटचा रकाना: पुन्हा खेळणार?
मी लिहिलं, हो.
खाली त्याने त्याच्या तेलकट पेनाने जोडलं:
येत्या रविवारी नाही, मेव्हणीचं लग्न आहे. त्यानंतर.