सात रस्ता, पावणेसात

नकाशात सात रस्ता हा एक ठिपका होता.
रेघा येत, ठिपक्याला टेकत, संपलं.
कुणीतरी वरून बघून काढलेला.
वरून सगळंच जुळलेलं दिसतं.

मी खाली उभी. हातात फोन, वहीत पेन्सिल खोचलेली.
नरसय्या कोंडा यांची वाट बघतेय.
लेकीकडं राहायला गेल्यापासून
कारखान्याला जाताना त्यांना हा चौक आडवा येतो.
कॅरियरला डबा, घंटी नाही. मडगार्डच वाजतं.

सायकलींसाठी मारलेला हिरवा पट्टा
चौकाच्या आधी बावीस पावलांवर संपतो.
मोजलीत मी, दोनदा.
पुढं रंग नाही, खूण नाही,
पुढं सिटी बस, रिक्षा, आणि उसाची एक ट्रॉली
जिला कुठलाच सिग्नल लागू नसतो.

“इथनं पुढं कसं जाता काका?”
“कसं म्हंजे? बघत जायाचं की.”

पानटपरीपाशी ते उतरले.
हँडल धरून दुभाजकाच्या फटीतून,
सिग्नल हिरवा व्हायच्या जरा आधी,
रसवंतीसमोर निघाले, टांग मारली, गेले.
मला हात करायचाही विसर पडला.

रात्री ठिपका फोडला. चौदा तुकडे झाले.
यादीत ‘उतरून चालावे’ आहे, ‘खूण नाही’ आहे,
‘बघत जायाचं’ नाही.

रेघ तोडून ठेवली
तर वाट सांगणारा फोन सायकलवाल्याला
रंगभवनाकडून वळसा घालायला लावणार.
सरळ जोडली, तर नकाशा खोटं बोलणार,
आणि कुणी नवखा त्या खोट्यावर
पायडल मारत ट्रॉलीपुढं येणार.
नागपूरचा एक जण सारखी जोडतो.
मी तोडते. तो जोडतो.
भांडण नाही आमचं. त्याने हा चौक पाहिलेला नाही, एवढंच.

शेवटी एक बारीक तुटक रेघ काढली,
टपरीपासून रसवंतीपर्यंत, फटीतून, पायी.
टीप लिहिली: इथे पट्टा नाही. माणसं उतरतात.
नागपूरकराने ती अजून खोडलेली नाही.

नरसय्यांकडे तसला फोन नाही.
सोमवारी गेले तर फटीत सिमेंटचा ठोकळा,
आणि ते सायकल उचलून पलीकडं ठेवत होते,
आधी सायकल, मग डबा, मग स्वतः.

टायरांनी रंगही खाल्लाय.
वहीत बावीस खोडून सव्वीस लिहिलं.