खांदेपालट

बुडापेस्टच्या बाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीपलीकडे,
स्टुडिओच्या तिसऱ्या शेडमध्ये
एतेल्का वाराडीच्या टेबलावर
कॅप्टन हॅलार्डचा कोट पालथा पडलाय,
पाठीची शिवण उसवलेला.

सतरा वर्षं, सहा सिनेमे.
या कोटानं तीन शहरं वाचवली, एक बुडवलं,
आणि दर वेळी धूर विरल्यावर
कॉलरवरची राख
हिनंच ब्रशनं बसवली, चिमूट चिमूट,
कालच्या शॉटशी जुळवून.

आत रोरी ट्रेडिनिक होता.
तिसऱ्या भागात तो दोरावरून निसटला,
तेव्हापासून त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला.
हे तिघांनाच ठाऊक:
त्याला, हाडांच्या डॉक्टरला
आणि हिला, जिनं त्या अर्ध्या इंचावर
घोड्याच्या केसांची गादी शिवली
आणि जगाला सांगितलं,
नायक सरळ उभा आहे.

आता आतला माणूस बदलायचा.

का, ते लंडनहून आलेल्या बाईनं सांगितलं,
उभ्याउभ्याच, कॉफीला हात न लावता.
विम्याचा हप्ता. त्याचे गुडघे.
त्याच्या वकिलानं मागितलेला टक्का.
बारा वर्षांच्या पोरांना तो कुणाचा तरी बाप वाटतो,
आणि बापाचं खेळणं कोण विकत घेतं?
शिवाय गोष्ट माणसापेक्षा मोठी असते, असं म्हणाली
आणि घड्याळ पाहिलं.

एतेल्काला गोष्टीचं माप माहीत नाही.
तिला छाती कळते, पाठ कळते,
माणूस खोटं बोलताना बाही किती वर सरकते ते कळतं.

आत्मा कपडे बदलतो असं ऐकत आलो आपण.
इथे कपडाच माणसं बदलतो.
एक जीर्ण झालं की दुसरं.
किंवा तिरडीचं घ्या,
शंभर पावलांवर खांदेकरी बदलतात,
तिरडी थांबत नाही.
आणि पालखी असती तरी
खालच्या खांद्याला काय फरक कळला असता?

अस्तर उलटल्यावर पट्टी सापडते: आर. ट्रेडिनिक.
तिच्याखाली टाके जुने, दोरा वेगळा,
जांभळ्या शाईत: एम. पेनहेल.
हा कोण, एतेल्काला आठवत नाही.
एवढं आठवतं की रोरी नवा होता तेव्हा
पोतंभर पत्रं आली होती
हा आमचा हॅलार्ड नव्हे म्हणून.
लिहिणाऱ्यांची पोरं आता रोरीसाठी रडतायत.

वरून हुकूम आहे, कोट जुना दिसू दे.
म्हणजे कोपरांवर सँडपेपर, कडांना चहाचं पाणी.
गेल्या सिनेमात याच टेबलाशी
रोरीच्या मानेची कातडी चिकटपट्टीनं मागे ओढत होते.
माणूस तरुण करायचा, कापड म्हातारं.
पगार दोन्हीचा सारखाच.

चार वाजता इफेओमा येते.
तेवीस वर्षांची, लीड्सची, नखं खाल्लेली.
बुजगावण्यासारखी हात पसरून उभी राहते.
तीन दिवस फोन बंद ठेवलाय म्हणते,
तिचा एकही शॉट झालेला नसताना
लोकांना ती आवडेनाशी झालीय.
एतेल्का म्हणते, श्वास सोड, छाती मोजायचीय.

पाठ टाचून झाली, कोट चढला.
गादी काढायची राहिलीय अजून.
डावा खांदा अर्धा इंच वर आलेला,
दांडीवर तिरका टांगल्यासारखा.
एतेल्का कात्रीकडे वळते.

तेवढ्यात आरशात बघताबघता
कुणी सांगितलेलं नसताना
मुलगी आपला डावा खांदा खाली सोडते,
सावकाश,
नेमका तेवढाच.

कोट सरळ होतो.

आत्ता बसला, ती म्हणते. नाही?

एतेल्काच्या तोंडात टाचण्या आहेत.