दावं

जाळी शिक्रापूरहून आली, टेम्पोतून,
एक गोऱ्हा आणि दोन शेळ्या विकून.
खांबांचे खड्डे मी मोजत होते, आठ-आठ फुटांवर,
चिंच आत घेऊन.
मामंजी गव्हाणीच्या कडेला बसलेले.
म्हणाले, "बांधलेली गाय आपली,
सोडलेली गावाची."
मी टेप पुढे सरकवला.

डेअरीवर दूध घालून आले
आणि सातही दावी सोडली.
वाटलं, उधळतील. शेजारच्या कोंडाबाई
काठी घेऊनच उभ्या होत्या मेथीच्या वाफ्यात.
एकही हलली नाही.
जिथे जिचा खुंटा, तिथेच ती,
आणि मान तेवढीच लांब
जेवढं दावं होतं.

रात्री बॅटरी घेऊन तीनदा उठले.
तशाच.

पहिल्या आठवड्यात चार लिटर दूध घटलं.
मामंजी काही बोलले नाहीत.
ते फार ऐकू आलं.

मग एका दुपारी, मी भाकरी खात असताना,
हौदाकडून आवाज आला.
भुंडी पाणी पीत होती. एकटी. दोन वाजता.
वीस वर्षं मी गुरांना पाणी पाजतेय,
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा,
आणि तहान लागलेली गाय
मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.
हातातला घास तसाच राहिला.

आता कोंबड्या पायांत फिरतात, गोचीड वेचतात.
भुंडीच्या गुडघ्यावरची सूज उतरली, तिथे केस आलेत.
शेण रोज उचलायचं नाही, हे मात्र
अजून हातांना पटत नाही.
पहाटे उठतात, पाटी शोधतात.

परवा कान्हूरचे दोघे भाऊ आले, मोटारसायकलवर.
"मालक कुठेत?"
म्हटलं, मालक चाकणला, दुसऱ्या पाळीला.
विचारा काय ते.
खर्च सांगितला. ते चार लिटरही सांगितले.
धाकटा जाळी हलवून बघत होता,
थोरला गाईंकडे.

खुंटे उपटले तेव्हा मामंजी एवढंच म्हणाले,
"कोपऱ्यातला राहू दे."
राहू दिला. बाभळीचा आहे,
त्यांच्या हातचा.
भुंडी रोज येऊन त्यावर मान खाजवते,
डोळे मिटून, बराच वेळ.
"झिजंल अशानं," ते म्हणतात.
पण हाकलत नाहीत.