मुरूम

शबॉयगनमध्ये गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा
एक लाल कोठार असतं, थोडं हिरवं रान,
आणि खाली लिहिलेलं, की हा मुलूख दुधाचा.
मी त्या दुधाचा नोकर.
बावीस वर्षं चीजच्या कारखान्यात
विरजणातले जंतू मोजतो,
संध्याकाळी अंगाला आंबूस वास घेऊन घरी येतो,
आणि घरात मार्चपासून दूध बंद आहे.

मैत्रेयी पंधरा वर्षांची.
कपाळावर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेकडेनं
आलेत ते.
मी म्हटलं, मराठीत याला तारुण्यपीटिका म्हणतात.
ती म्हणाली, एवढ्या लांब शब्दात पू होईल, बाबा.
मग म्हटलं, मुरूम.
आणि सांगून बसलो, की आमच्या जतच्या रस्त्यावर
मुरूम पडला की समजायचं, निवडणूक आली.
ती हसली नाही.
हल्ली तोंडावर हात ठेवूनच बोलते.

डॉक्टर लिंडक्विस्ट बाई जपून बोलतात.
सगळ्यांचं नाही, म्हणाल्या, काहींचं
दुधानं वाढतं, त्यातही साय काढलेल्या,
साखरेनं, मैद्यानं. नक्की सांगता येत नाही.
बारा आठवडे करून बघा. मलम चालू ठेवा.
चेहरा घासू नका.
नक्की सांगता येत नाही, हे वाक्य
मी कामावर रोज लिहितो.
तिथं ऐकताना मात्र हातातली टोपी पिळत होतो.

मग फ्रिजवर तक्ता आला, तिच्या अक्षरात.
सोमवार: बेगल. त्यावर काट.
मंगळवार: मूग, काकडी, अक्रोड सात.
बुधवार: पिझ्झा, अर्धा तुकडा. अर्धा खोडून दोन.
गुरुवारी नुसता प्रश्न: ताक हे दूध आहे का?
त्यावर आम्ही नवराबायको
रात्री साडेअकरापर्यंत भांडलो.

मिलवॉकीहून ज्वारीचं पीठ आणलं.
थापायला मीच शिकलो, पन्नाशीला टेकल्यावर.
पहिल्या चार तव्यावर पडण्याआधीच फाटल्या.
पाचवी फुगली. ती वाकून बघत राहिली:
जागोजाग फोड, काळे डाग.
"हिला कोणी विचारत नाही, काय खाल्लंस."
आणि आधी फोडच फोडून खाल्ला, ठेच्याबरोबर.

आठव्या आठवड्यात हनुवटी जराशी निवळली.
नवव्यात शाळेच्या वाद्यवृंदाचा फोटो,
आणि त्याच सकाळी नाकाच्या शेंड्यावर एक,
वाटाण्याएवढा,
तोही फोटोसाठी नटून आलेला.
तक्ता फाडला.
संध्याकाळी चिकटपट्टीनं परत लावला. तिरका.

त्या रविवारी मी दाढी करत होतो,
ती ब्रश घेऊन आली. आरशात दोघं.
माझ्या गालावरचे खड्डे बोटानं मोजू लागली.
"हे काय?"
मिरजेचं हॉस्टेल, म्हटलं.
रात्री टूथपेस्ट लावायचो, सकाळी खरवडायचो.
"आणि डॉक्टर?"
डॉक्टर कसला. वयात आलाय, म्हणायचे,
लग्न झालं की जातील.
"गेले?"
फेसाळ तोंडानं मी मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

बारावा आठवडा परवा संपतो.
थोडं बरं आहे.
दूध सुटलं म्हणून, मलमानं, की ऊन पडायला लागलं म्हणून,
माझ्या धंद्यातला माणूस शपथेवर सांगणार नाही.

काल कारखान्यातून ताज्या चीजचे खडे आणले,
दाताखाली कुचकुच वाजतात ते.
पिशवी टेबलावर ठेवली. काही बोललो नाही.
तिनं एक उचलला, कानाशी धरून दाबला,
परत ठेवला.
मग दुसरा उचलला.
"लिहू तक्त्यावर?"
लिही, म्हटलं.
वेळ पण लिही.