बत्तीस जीबी

सिंदेवाहीच्या स्टँडमागे, पंक्चरवाल्याला लागून
खेमराज बोरकुटेचं दुकान. रिचार्ज, झेरॉक्स,
आणि पुठ्ठ्यावर स्केचपेननं: मेमरी भरून भेटन.

मुंबईत आम्ही निवेदन दिलं होतं, चोरांना आवरा म्हणून.
त्यातल्या दोन जळजळीत ओळी माझ्या.

"उंबरघाट आहे का?"
"पुरी आहे. एकशेबारा भाग. जायराती कापल्या.
अडतीसचा आवाज फाटते, पयलेच सांगून ठेवतो."

अडतीस मी तापात लिहिला होता.
पाटीवर माझं नाव दीड सेकंद यायचं,
तेही जाहिरातींसोबत गेलेलं.

चॅनल विकलं गेलं, नव्या मालकानं जुनं पुसलं.
माझ्याकडे एक भाग नाही.
करारात 'प्रत' हा शब्दच नव्हता;
तीन पत्रं लिहिली, उत्तरात दिवाळीच्या शुभेच्छा आल्या.

"तेंदूच्या सीझनले लय चालते," खेमराज सांगतो,
"फडीवर नेटवर्क नसते ना. रातच्याला बाया पायतेत,
एका मोबाइलवर सात-आठ जणी.
शेवट नाही पटत त्याइले. थे सुमन वापस कायले येते, मनतेत."

सुमनला मी परत आणलं नव्हतं.
तो फोन वरून आला होता.
हे त्याला काय सांगायचं.

हिरवी पट्टी सरकत होती. अकरा मिनिटं बाकी.
बाहेर नागभीडची गाडी लागली, सुटली.

वीस रुपये. मी पन्नास दिले, त्यानं तीस मोजून परत केले.
"गर्दीत कार्डं बदलतेत. नाव काय टाकू चिठ्ठीवर?"

सांगितलं.
त्यानं ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलं
आणि चिठ्ठी कार्डाला रबरानं बांधली.