गुरुवारचं इटालियन

विओरिकाला इटालियन येतं ते कामापुरतं.
आप्रा ला बोक्का – आ करा.
इंग्योत्ता – गिळा.
कुशीवर वळा, दुखतंय का, झालं, झालं.
फेर्रारात सहा वर्षं, आणि सगळी भाषा
एका पलंगाच्या चार पायांत मावलेली.

परवा सायकलवाल्या ग्वाल्तिएरोनं
चेन बसवून दिली, पैसे घेतले नाहीत,
ग्रीसचे हात फडक्याला पुसत काहीतरी विचारलं.
ती "सी, सी" म्हणाली आणि घरी येईपर्यंत
आपण हो म्हटलं ते कशाला, ह्याचाच विचार.

"जसंच्या तसं म्हणून दाखव," सिन्योरा एर्मेलिंदा म्हणाल्या.
वय एक्याण्णव. कंबरेखाली हालचाल नाही,
कंबरेवर सगळं शाबूत, जीभ तर जास्तच.
ए लीबेरा जोवेदी सेरा?
सिन्योरा कवळी न लावताच हसल्या.
"गुरुवारी संध्याकाळी मोकळ्या आहात का, विचारतोय तो."

मोकळ्या.
हा शब्द तिनं पाहिला होता
फक्त स्टेशनवरच्या संडासाच्या दारावर.
तिथं तो पुल्लिंगी होता.

मग शिकवणी, सूपच्या दोन चमच्यांमध्ये.
सिन्योरा पुरुष झाल्या, आवाज जाड केला:
आ के ओरा पास्सो आ प्रेंदेर्ला? – किती वाजता न्यायला येऊ?
– सात.
"सातला आजारी माणसं जेवतात. साडेआठ म्हण."
– साडेआठला तुमच्या गोळ्या.
"गोळ्या मला ओळखतात. थांबतील."
उन तावोलो पेर दुए, खिडकीजवळ –
"खिडकीत नको. भिंतीकडे.
खिडकीत बसलेल्यांना अख्खं गाव बघतं. मला माहीत आहे."
कसं, ते विओरिकानं विचारलं नाही.
नवऱ्याचा फोटो ज्या भिंतीवर आहे
तिकडे पाठ करूनच सिन्योरा झोपतात.

सगळ्यात अवघड: दियामोची देल तू.
एकेरीवर येऊ या.
आपल्याकडे माणसं एकेरीवर येतात भांडताना;
तिथं परवानगी मागून, पाव मोडण्याआधी.

गुरुवारी भोपळ्याचं सारण भरलेले कापेल्लाची आले,
वर लोणी, सेजची दोन पानं.
ग्वाल्तिएरोची नखं घासून लाल, तरी कडेला काळी रेघ.
टेबल त्यानं आधीच सांगून ठेवलेलं, वेळ त्यानंच ठरवलेली;
तिच्या वाट्याला पाठ केलेल्यातलं एकच वाक्य उरलं.
ते घशाशी आलं, आणि तेवढ्यात
गरम घासानं त्याला ठसका.
सहा वर्षांची सवय हात पुढे करून धावली:
पियानो, पियानो. मास्तिका.
सावकाश. चाव.
सवय तीच, फक्त 'चावा'मधला शेवटचा काना
वाटेत कुठं तरी सांडला.

तो डोळे पुसत पाणी प्यायला. मग म्हणाला,
मांजा, आंके तू. गार होतंय.
तू.
हा शब्द तिथंही तूच आहे.

रात्री सिन्योरा जाग्या. बशीत गोळ्या तशाच.
"भिंतीकडे बसलात ना?"
"खिडकीत."
सिन्योरांनी जरा वेळ तिच्याकडे पाहिलं,
आणि न सांगता
आ केला.