नोंद नाही

मरोळच्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
आधी नुसती हाक मारायचो:
"लोबोऽऽ, मोरपिशी कुर्ता कुठंय?"
कापडी पडद्यामागून
इस्त्रीच्या वाफेसकट उत्तर यायचं.

आता टाइप करतो.
सहायक क्षणात सांगतो:
रॅक सात, हँगर तीन,
चार अँगल झाले, रिटचिंग बाकी,
गुरुवारी ब्रँडला परत.
खोट काढायला जागा नाही.

आज त्यानंच कळवलं,
तिसरं बटण बाकीच्यांहून किंचित फिकं,
फोटो पुन्हा काढायचा का?

विचारलं, कुणी शिवलं ते?
"नोंद नाही."

कर्सर लुकलुकत राहिला.
मग कित्येक महिन्यांनी
मी मान वळवून ओरडलो,
लोबोऽऽ

"हं," एवढंच आलं.
ओठांत सुई असावी.